अंतर शून्य

उद्यमबागेत तिसऱ्या गल्लीत आमची फाउंड्री.
पंपाची कवचं ओततो, व्हॉल्व्हची अंगं,
आणि गेल्या गणपतीपासून
ऑफिसात एक नवा गडी आहे.
त्याला खुर्ची लागत नाही.

मालकांचा धाकटा म्हणाला,
हुंदरेकाका, ह्याला वाट सांगायची नाही,
फक्त मुक्काम सांगायचा.
मी टाइप केलं: थकलेली येणी गोळा कर.
त्यानं आधी स्वतःशीच यादी केली.
वही उघडली
(मी अजून वहीच म्हणतो तिला),
शिरोलीच्या पंपवाल्याला मऊ पत्र,
होसूरच्याला जरा करडं,
उत्तराची वाट बघितली, उत्तर वाचलं,
बेत मोडला, दुसरा बांधला.
एकदा चुकला. चुकलो, असं लिहून
मागं जाऊन तीच पायरी पुन्हा चढला.
बावीस वर्षांत मी असं कधी लिहून ठेवलेलं नाही.

कोक संपत आला की तोच भाव मागवतो,
तिघांशी घासाघीस करतो,
आणि रक्कम पन्नास हजारांच्या वर गेली
की माझ्या मोबाइलवर येऊन उभा राहतो,
चपला दाराबाहेर काढल्यासारखा:
मंजुरी द्याल?

इराप्पा, आमचा मोल्डर, कोपरापर्यंत काळी वाळू,
खिडकीतून डोकावतो.
"काय करूलाय ओ तुमचा तो नवा?"
"काम करूलाय."
"पगार?"
"पगार नाही. महिन्याचं भाडं."
"मग कंत्राटीच की. आमच्यातलाच."

मंगळवारी रात्री, पाळी बदलताना,
त्याची नोंद आली. जशीच्या तशी देतो:
'पुरवठादारांची यादी साफ करत आहे.
गाव एक: बेळगाव. त्रेसष्ट नोंदी.
गाव दोन: बेळगावी. अठ्ठ्याऐंशी नोंदी.
दोन्हींमधलं अंतर मोजलं. शून्य किलोमीटर.
वाहतूक खर्च लागू होत नाही.
काही माणसं एका कागदावर एक नाव लिहितात,
दुसऱ्या कागदावर दुसरं.
कारण सापडलं नाही.
एक करू, की वेगळी ठेवू?
एक केल्यास कुठलं नाव पुसू?'

खाली दोन बटणं.

मी चष्मा पुसला.
आण्णांचा मॅट्रिकचा दाखला एका नावाचा,
लेकीचं आधार दुसऱ्या.
पाट्या. पाट्यांवरचं डांबर.
नोव्हेंबरातल्या एका दिवसाची बंद शटरं,
आणि हुक्केरी बाई, ज्यांनी माझ्याकडून
'ळ' दोन्ही लिप्यांत घोटवून घेतला,
पट्टी मात्र एकच होती.
लेका, तुला कारण सापडलं नाही?
आम्हाला एवढी सापडलीत
की ठेवायला कपाट पुरत नाही.

"बर्री ओ काका! लोखंड थांबतंय व्हय?"
भट्टी चौदाशेला. मी गेलो.
लाडल तिरपी झाली, साचे एकेक करून
पिवळे, मग लाल, मग कुणाचेच नाहीत असे झाले.
परत आलो तर पडद्यावर तेच:
उत्तराची वाट पाहत आहे.
ना जांभई, ना कुरकुर.

सकाळी गेटवर कोकचा ट्रक,
त्याची पावती त्याच प्रश्नाखाली अडकलेली.
ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेना.
मी 'वेगळी ठेवा' दाबलं, शेऱ्यात लिहिलं:
दोन्ही नावांचं टपाल इथंच पोचतं. पुसू नको काही.
'नोंद घेतली,' तो म्हणाला.
'कारण समजलेलं नाही.'
ट्रक आत आला.

आज कोइमतूरच्या नव्या पार्टीला लिहिलेलं पत्र
जाण्याआधी माझ्यासमोर आलं. शेवटी होतं:
'गावाचं नाव तुम्हाला येईल ते लिहा.
पिनकोड मात्र चुकवू नका.'

इराप्पाला वाचून दाखवलं,
मराठीतून, मग कन्नडमधून.
तो हसला नाही. हात पँटला पुसले.
म्हणाला, आणि एकदा वाचा.